हीथ्रोचा व्हल्कन अपघात, १ ऑक्टोबर १९५६: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शीतयुद्धातल्या विमानांचा विषय निघाला की व्हल्कनचं नाव येतंच, आणि मागोमाग एक प्रश्न ठरलेला: "तो बॉम्बर कमांडचा प्रमुख स्वतः बाहेर पडला आणि मागची माणसं मेली, ते नेमकं काय होतं?" बहुतेकांना या अपघाताची एवढीच बाजू माहीत असते. खरं तर इजेक्शन सीटचा (वैमानिकाला सीटसकट विमानाबाहेर उडवणाऱ्या सीटचा) दांडा ओढण्याआधी बरंच काही घडून गेलं होतं, आणि माझ्या मते महत्त्वाचं तेच आहे. म्हणून इथे ते जरा सविस्तर लिहिलं आहे.

थोडक्यात सांगा, काय झालं?

सोमवार, १ ऑक्टोबर १९५६ ची सकाळ. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा आटोपून ब्रिटिश हवाई दलाचं व्हल्कन बॉम्बर, क्रमांक एक्सए८९७, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरत होतं. धो-धो पाऊस आणि खाली आलेले ढग. धावपट्टी सुरू होण्याच्या सुमारे २००० फूट, म्हणजे जवळजवळ ६०० मीटर अलीकडे विमानाची चाकं एका शेतात आपटली. विमान पुन्हा हवेत उसळलं, पण ताबा सुटला होता. पुढच्या दोन सीटवरचे दोघे इजेक्शन सीटने बाहेर पडून वाचले. मागे बसलेले चौघे विमानाबरोबर विमानतळावर कोसळले आणि जागीच गेले.

व्हल्कन हे कसलं विमान?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने अणुबॉम्ब वाहून नेण्यासाठी तीन जेट बॉम्बर तयार केले: व्हॅलियंट, व्हल्कन आणि व्हिक्टर. नावं 'व्ही'ने सुरू होतात म्हणून त्यांना व्ही-बॉम्बर म्हणायचे. व्हल्कन ॲव्रो कंपनीचं. त्रिकोणी डेल्टा पंख, ऑलिंपस जातीची चार इंजिनं, आणि पहिलं उड्डाण ३० ऑगस्ट १९५२ रोजी. मूळ रचना रॉय चॅडविक यांची. युद्धातला प्रसिद्ध लँकेस्टर बॉम्बरही त्यांचाच. १९४७ मध्ये एका चाचणी उड्डाणाच्या अपघातात ते गेले, त्यामुळे आपलं व्हल्कन उडताना पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

एक्सए८९७ साधंसुधं व्हल्कन नव्हतं. हवाई दलाच्या ताब्यात आलेलं ते पहिलं व्हल्कन. १९५६ च्या उन्हाळ्यात मिळालं आणि शरद ऋतू लागतो न लागतो तोच गेलं.

बॉम्बर विमान प्रवासी विमानतळावर का उतरत होतं?

स्वागतासाठी. याला दुसरं सरळ उत्तर नाही.

हा दौरा मुळात मिरवण्याचाच होता. ९ सप्टेंबरला बॉस्कोम्ब डाउनहून निघून एडन आणि सिंगापूरमार्गे विमान मेलबर्नला पोहोचलं. ऑस्ट्रेलियात आणि पुढे न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये लोकांनी ते डोळे भरून पाहिलं. ब्रिटनकडे आता जगाच्या दुसऱ्या टोकापर्यंत झटपट पोहोचणारं अस्त्र आहे, हे राष्ट्रकुलाला आणि अर्थातच मॉस्कोला दाखवायचं होतं. काळही तसाच होता. याच महिन्यात, ११ ऑक्टोबरला, एका व्हॅलियंटने ऑस्ट्रेलियातल्या मारालिंगा इथे विमानातून टाकलेल्या पहिल्या ब्रिटिश अणुबॉम्बची चाचणी केली, आणि महिनाअखेरीस सुएझच्या भानगडीत व्हॅलियंट इजिप्तच्या विमानतळांवर बॉम्ब टाकत होते.

अशा दौऱ्याचा शेवट लिंकनशरमधल्या एखाद्या लष्करी तळावर करण्यापेक्षा हीथ्रोवर मान्यवर, पत्रकार आणि कुटुंबीयांसमोर करणं मंत्रालयाला साहजिकच जास्त शोभिवंत वाटलं असणार. त्या दिवशी ही सगळी मंडळी पावसात वाट पाहत उभी होती.

परतीचा शेवटचा टप्पा एडनहून होता. मुंबईकरांना एडन आगबोटींच्या जमान्यापासून ओळखीचं. एकेकाळी त्याचा कारभारही मुंबई इलाख्यातून चाले. १९५६ मध्ये मात्र ती ब्रिटिश वसाहत होती आणि खोरमक्सरचा तळ हवाई दलाच्या हातात होता.

विमानात कोण कोण होतं?

सहा जण. कॅप्टन होते स्क्वाड्रन लीडर डोनाल्ड हॉवर्ड. शेजारच्या को-पायलटच्या सीटवर एअर मार्शल सर हॅरी ब्रॉडहर्स्ट, म्हणजे संपूर्ण बॉम्बर कमांडचे, हवाई दलाच्या बॉम्बर विभागाचे, प्रमुख. युद्धात त्यांनी लढाऊ विमानं उडवून नाव कमावलं होतं आणि उत्तर आफ्रिकेत डेझर्ट एअर फोर्सचं नेतृत्व केलं होतं.

मागे होते स्क्वाड्रन लीडर जेम्स स्ट्राउड, स्क्वाड्रन लीडर एडवर्ड ईम्स, स्क्वाड्रन लीडर आल्बर्ट गॅम्बल आणि ॲव्रो कंपनीचे तांत्रिक प्रतिनिधी फ्रेडरिक बॅसेट. हे चौघे वाचले नाहीत.

यातली एक गोष्ट नजरेतून सुटते. स्ट्राउड स्वतः व्हल्कनचे प्रशिक्षित वैमानिक होते. म्हणजे व्हल्कन उडवू शकणारा माणूस मागे, इजेक्शन सीट नसलेल्या भागात बसला होता आणि पुढची उजवी सीट प्रमुखांकडे होती. यात नियमबाह्य काही नव्हतं. पण सीटच्या वादात "कोण कुठे बसलं होतं" हा मुद्दा लोकांना इतका का बोचला, ते यावरून कळतं.

हवा इतकी खराब होती का, की उतरायलाच नको होतं?

खराब होती, पण बंदी घालण्याइतकी नाही. खरी अडचण तीच. हीथ्रोवर जोरदार पाऊस होता, वारा जवळजवळ नव्हता. ७०० फुटांवर पूर्ण झाकोळ, त्याखाली ३०० फुटांच्या आसपास ढगांचे तुकडे, आणि धावपट्टीवर दृश्यमानता सुमारे ११०० यार्ड, म्हणजे एक किलोमीटर. प्रवासी विमानं उतरत होती. त्यांच्याकडे आयएलएस, म्हणजे रेडिओ संकेतांवर धावपट्टीची रेषा दाखवणारं यंत्र, होतं, शिवाय त्यांच्या वैमानिकांची हीथ्रोवर रोजचीच ये-जा.

हॉवर्ड यांच्याकडे दुसरा पर्याय होता. वॉडिंग्टनला, म्हणजे व्हल्कनच्या स्वतःच्या घरच्या तळावर जाण्याइतकं इंधन टाकीत होतं. हीथ्रोवर एकदा प्रयत्न करून बघायचा, नाही जमलं तर वॉडिंग्टन, असा विचार त्यांनी केला. "एकदा प्रयत्न करून बघू" हा निर्णय चौकशीनेही गैर ठरवला नाही. गैर ठरला तो त्या प्रयत्नाचा तळ.

तळ म्हणजे? 'ब्रेक-ऑफ हाइट' हा काय प्रकार?

ढगातून खाली येताना वैमानिक आधीच एक उंची ठरवतो. तिथपर्यंत धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर पुढे जायचं नाही, पॉवर देऊन वर निघायचं. आज याला डिसिजन हाइट म्हणतात. हॉवर्ड यांनी ती ३०० फूट ठरवली होती.

आजच्या प्रवाशाला ३०० फूट भरपूर वाटतील, कारण साध्या श्रेणीच्या आयएलएसवरही २०० फुटांपर्यंत येता येतं. पण तिथे यंत्र काट्याने सतत सांगत असतं की तू रेषेच्या वर आहेस की खाली. हॉवर्ड यांना ही माहिती दुसऱ्या माणसाच्या तोंडून मिळत होती. शिवाय डेल्टा पंखाचं विमान नाक उंच करून येतं, त्यामुळे पुढचं कमी दिसतं. वर काचेवर पाऊस.

आयएलएस का वापरलं नाही? आणि जीसीए म्हणजे काय?

कारण या व्हल्कनवर हीथ्रोचं आयएलएस वापरण्यासाठी लागणारी उपकरणंच नव्हती. उरला जीसीए, म्हणजे जमिनीवरून बोलून बोलून विमान खाली आणणं.

यात नियंत्रकासमोर रडारचे दोन पडदे असतात. एकावर विमान धावपट्टीच्या मध्यरेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे ते दिसतं, दुसऱ्यावर उताराच्या रेषेच्या, म्हणजे ग्लाइड पाथच्या, वर आहे की खाली ते. नियंत्रक अखंड बोलत राहतो: दोन अंश उजवीकडे, मार्गावर आहात, थोडे वर आहात, इतके मैल बाकी. शेवटच्या टप्प्यात वैमानिकाने उत्तर द्यायचं नसतं, फक्त ऐकायचं आणि विमान तसं चालवायचं. बर्लिनच्या हवाई पुलाच्या काळात, १९४८-४९ मध्ये, दाट धुक्यात या पद्धतीने अक्षरशः रांगेने विमानं उतरवली होती. पद्धत चांगलीच आहे.

तिचा कच्चा दुवा एवढाच, की नियंत्रकाचं गप्प राहणं हीही वैमानिकाला एक माहिती वाटते. नियंत्रक "खाली आहात" म्हणत नाही म्हणजे आपण खाली नाही, असं तो धरून चालतो.

शेवटच्या मिनिटात नक्की काय झालं?

विमान सुरुवातीला ग्लाइड पाथच्या थोडं वर-खाली होत येत होतं. ढगात सगळ्यांचंच होतं. मग धावपट्टीपासून मैलभराच्या आत नियंत्रकाने सांगितलं की विमान ग्लाइड पाथच्या ८० फूट वर आहे. हॉवर्ड यांना मिळालेली उंचीबद्दलची ही शेवटची सूचना. त्यानंतर दिशेबद्दल बोलणं चालू राहिलं, पण विमान रेषा ओलांडून खाली जातंय हे कोणी सांगितलं नाही.

आता वैमानिकाच्या जागी बसून पाहा. कानात "८० फूट वर". स्वाभाविक प्रतिक्रिया काय? थोडं खाली आणणं. पुढची सूचना येईपर्यंत उतार तसाच ठेवणं. पुढची सूचना आलीच नाही.

थोडा हिशेब. विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असेल तर सेकंदाला साधारण ७० मीटर. ६०० मीटर अलीकडे चाकं टेकली, म्हणजे धावपट्टीची सुरुवात जेमतेम आठ-नऊ सेकंदांवर होती. तीन अंशांच्या उतारावर तिथे विमान साधारण दीडशे फूट उंच असायला हवं. ते शून्यावर होतं.

कोणीतरी, बहुधा दोघांनीही, शेवटच्या क्षणी जमीन पाहिली. इंजिनांना पॉवर देणं सुरू झालं होतं, तेवढ्यात चाकं ब्रसेल्स स्प्राउटच्या, म्हणजे छोट्या कोबीच्या, शेतात रुतली. मुख्य चाकांचे पाय मागे ढकलले जाऊन पंखांच्या मागच्या कडेला आदळले. व्हल्कनला वेगळी आडवी शेपटी नव्हती. नाक वर-खाली करणारी नियंत्रणं पंखांच्या मागच्या कडेलाच होती. म्हणजे घाव नेमका मर्मावर बसला.

पॉवर वाढलेली असल्याने विमान झपाट्याने दोन-तीनशे फूट वर चढलं. मग एका बाजूला कलंडू लागलं आणि नियंत्रणाच्या कांड्या हलवूनही काही होईना.

अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) पाहिला नाही का?

पाहिला असणारच. पण त्या काळचा अल्टिमीटर हवेच्या दाबावर चालायचा आणि त्याला स्वतःच्या खोडी होत्या. विमानाभोवती वाहणाऱ्या हवेमुळे दाबाच्या मोजमापात चूक यायची. व्हल्कनमध्ये उतरण्याच्या वेगाला यंत्र खऱ्या उंचीपेक्षा जास्त आकडा दाखवत असे. त्यात आतल्या दातेरी चाकांचं घर्षण, म्हणजे काटा किंचित मागे रेंगाळायचा. दोन्ही चुका एकाच दिशेने पडल्या तर काटा ३०० दाखवत असताना विमान त्यापेक्षा बरंच खाली असू शकतं.

ही चूक चौकशीत नोंदली गेली. वैमानिकांना तिची सर्वसाधारण कल्पना असायची. म्हणूनच ३०० फूट ही मर्यादा फार खाली होती असं चौकशी मंडळाला वाटलं: चुकीला जागा ठेवायची तर आकडा वरचा हवा होता.

वैमानिक बाकीच्यांना सोडून पळाले, असं म्हणायचं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यात बहुतेकदा उत्तर ठरलेलं असतं. माझं उत्तर: नाही.

चाकं आपटल्यापासून विमान कोसळेपर्यंतचा वेळ काही सेकंदांचा. हॉवर्ड यांनी विमान सोडण्याचा हुकूम दिला आणि बाहेर पडले. ब्रॉडहर्स्ट यांनी कांडी हलवून पाहिली, विमान ऐकत नाही हे पाहिलं, पुन्हा हुकूम दिला आणि मग तेही बाहेर पडले. दोघे आत थांबले असते तर चारऐवजी सहा मृत्यू झाले असते, एवढाच फरक. नियंत्रणंच निकामी झाली असताना वैमानिकाने सीटवर बसून करायचं तरी काय?

बोटीचा कप्तान सगळ्यांत शेवटी उतरतो, ही भावना मला कळते, आणि त्या वेळी ब्रिटनमध्येही ती होतीच. चौघांच्या घरच्यांना ती वाटणं तर अगदीच स्वाभाविक. पण कप्तान शेवटी उतरतो तेव्हा बाकीच्यांना उतरायला शिडी असते. इथे शिडी होती कुठे? आणि ती न बसवण्याचा निर्णय हॉवर्ड यांचा नव्हता.

मागच्या लोकांना इजेक्शन सीट का नव्हत्या?

व्हल्कनची केबिन लहान आणि दोन पातळ्यांची. वर दोन वैमानिक, पुढे तोंड करून, मार्टिन-बेकर कंपनीच्या इजेक्शन सीटवर. त्यांच्या मागे, खालच्या पातळीवर तीन जण ओळीने, पाठ पुढे आणि तोंड मागे करून. त्यांना खिडक्याही नसल्यातच जमा. बाहेर पडायचा रस्ता एकच: विमानाच्या पोटातला दरवाजा, ज्यातून ते शिडीने आत चढायचे. अपघातात पट्टे सोडायचे, उठायचं, दाराशी जायचं, दार उघडायचं, त्यावरून घसरत खाली निघायचं आणि मग पॅराशूट. उंची भरपूर असेल आणि विमान सरळ उडत असेल तर हे जमतं. १९७१ च्या जानेवारीत इंग्लंडच्या ईशान्येला इंजिनच्या आगीमुळे पडलेल्या एक्सएम६१० मधले मागचे सगळे असेच बाहेर पडले आणि वाचले.

पण उतरताना? नाकाचं चाक त्या दाराच्या लगेच मागे असतं. चाकं खाली असली की दारातून निघणारा माणूस थेट त्या पायावर. आणि दोन-तीनशे फुटांवर पॅराशूट उघडायला वेळही नाही. शिवाय त्या दिवशी मागे तिघांच्या जागेत चौघे होते.

मूळ मागणीपत्रात, १९४७ च्या सुमाराला, संपूर्ण केबिनच विमानापासून सुटून पॅराशूटने खाली येईल अशी अपेक्षा होती. ते फार गुंतागुंतीचं निघालं आणि वगळलं गेलं. त्याच्या बदल्यात पुढच्या दोघांना सीट मिळाल्या, मागच्यांना काहीच नाही. व्हॅलियंट आणि व्हिक्टरमध्येही हीच तऱ्हा.

हीथ्रोनंतर मागच्यांना सीट द्या ही मागणी संसदेत आणि वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं होत राहिली. मार्टिन-बेकरने १९६० मध्ये व्हॅलियंटच्या मागच्या भागातून माणसासकट इजेक्शन करून दाखवलं, म्हणजे तंत्र अशक्य नव्हतं. पण खर्च, छताची कापाकापी, आणि विमानं महिनोन् महिने वर्कशॉपमध्ये अडकली तर अणुप्रतिरोधनाचं काय, ही कारणं पुढे येत राहिली. शेवटी मिळालं काय, तर फिरणाऱ्या सीट आणि माणसाला ढकलून उभं करणाऱ्या हवेच्या गाद्या. व्हल्कन १९८४ पर्यंत सेवेत राहिलं, मागच्यांना इजेक्शन सीट न मिळताच.

अमेरिकेच्या बी-५२ मध्ये खालच्या मजल्यावरच्यांनाही सीट होत्या, पण त्या खालच्या दिशेने उडायच्या. ६०० मीटर अलीकडे, जमिनीला टेकलेल्या विमानात त्यांचाही उपयोग शून्य.

चौकशीने दोषी कोणाला धरलं?

दोन चौकशा झाल्या, कारण विमान हवाई दलाचं आणि जीसीएवाला नागरी विमान खात्याचा.

हवाई दलाच्या चौकशीचा निष्कर्ष हवाई मंत्री नायजेल बर्च यांनी डिसेंबर १९५६ मध्ये संसदेत सांगितला. सार असं: हीथ्रोवर प्रयत्न करण्याचा कॅप्टनचा निर्णय समर्थनीय, पण ब्रेक-ऑफ हाइट ३०० फूट ठेवणं आणि मग तिच्याही खाली जाणं ही निर्णयातली चूक, आणि विमान ग्लाइड पाथच्या खाली जात असल्याचा इशारा नियंत्रकाने दिला नाही, ही त्याची कसूर.

दुसरी चौकशी डॉ. ए. जी. टच यांनी नागरी खात्यासाठी केली, मुख्यतः जीसीएच्या बाजूची. रडारमध्ये दोष नव्हता, आणि खाली गेल्याचा इशारा वैमानिकाला मिळाला नाही, हे त्यातही आलं.

वाद उरला तो वजनाचा. हवाई दलाच्या माणसांना नियंत्रकाचं मौन मोठं वाटलं, नागरी बाजूला वैमानिकाने ठरवलेली मर्यादा. मला विचाराल तर दोन्ही चुका एकमेकींवर टेकून उभ्या होत्या. मर्यादा ५०० असती तर मौन जिवावर बेतलं नसतं. मौन नसतं तर ३०० ही निभावले असते.

ब्रॉडहर्स्ट शेजारी बसल्याने हॉवर्ड यांच्यावर दडपण आलं का?

चौकशीत तसा ठपका नाही आणि मीही तो ठेवणार नाही. कॅप्टन हॉवर्ड होते, निर्णय त्यांचाच होता.

तरी परिस्थिती पाहा. शेजारी बॉम्बर कमांडचा सर्वोच्च अधिकारी. खाली रांगेत उभे मान्यवर, घरची माणसं. तीन आठवड्यांचा निर्विघ्न दौरा, आणि शेवटचा अंक बाकी. अशा वेळी कोणाला तोंडातून शब्दही काढावा लागत नाही. नोकरी केलेल्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. आज वैमानिकांच्या प्रशिक्षणात क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचा जो विषय असतो तो अशाच गोष्टींसाठी: ज्येष्ठ शेजारी असताना कनिष्ठाने मोठ्याने "वर चला" म्हणायचं कसं. १९५६ मध्ये तो विषय अस्तित्वातच नव्हता.

माझा खरा राग वेगळ्या ठिकाणी आहे. ज्याने समारंभाची जागा हीथ्रो ठरवली त्याने "आयएलएस नसलेलं विमान ऑक्टोबरच्या लंडनमध्ये" हा विचार केला होता का?

ब्रॉडहर्स्ट यांचं पुढे काय झालं?

ब्रॉडहर्स्ट १९५९ पर्यंत बॉम्बर कमांडचे प्रमुख राहिले. निवृत्तीनंतर ते ॲव्रोचे व्यवस्थापकीय संचालक झाले, म्हणजे व्हल्कन बनवणाऱ्या कंपनीचेच. मागच्या सीटच्या मागणीला विरोध करणाऱ्यांत त्यांचं नाव जोडणारे लोक भेटतात. माझा सल्ला, पुराव्याशिवाय ऐकून सोडून द्या.

असा अपघात पुन्हा झाला का?

झाला, आणि इतका सारखा की वाचताना अंगावर काटा येतो. १४ ऑक्टोबर १९७५, माल्टाचं लुका विमानतळ. ९ स्क्वाड्रनचं व्हल्कन एक्सएम६४५ धावपट्टीच्या अलीकडे आपटलं, चाकांना मार बसला, पुन्हा वर गेलं, इंधन पेटलं आणि झब्बार गावावर स्फोट झाला. दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन वाचले. मागचे पाचही गेले. खाली रस्त्यावर तुटलेल्या विजेच्या तारेने एका स्त्रीचाही जीव घेतला. मधे एकोणीस वर्षं गेली होती आणि विमानाची आतली मांडणी तीच होती.

आपल्याकडे असं विमान होतं का?

व्हल्कन नव्हतं, पण ही मांडणी होती. भारतीय हवाई दलाने १९५७ पासून ब्रिटिश कॅनबेरा बॉम्बर वापरले. त्यांची ३५ स्क्वाड्रन दीर्घकाळ पुण्याच्या लोहगावला होती, त्यामुळे जुन्या पुणेकरांना तो आवाज आठवत असेल. कॅनबेराच्या बी(आय)५८ या मुख्य बॉम्बर प्रकारात वैमानिकाला इजेक्शन सीट होती. नाकात बसणाऱ्या नॅव्हिगेटरला नव्हती. त्याने बाजूच्या दारातून पॅराशूट घेऊन उडी मारायची. १९६५ आणि १९७१ ची युद्धं या नॅव्हिगेटरांनी याच व्यवस्थेत लढली. हीथ्रोबद्दल तावातावाने बोलताना हे विसरू नये.

आजही जीसीए वापरतात का?

हो, लष्करी तळांवर, पीएआर या नावाने. पण नियंत्रकाने ठरावीक सेकंदांत काही बोललं नाही तर वैमानिकाने आपणहून वर निघायचं, असा नियम आता पक्का आहे.

व्हल्कन प्रत्यक्ष पाहायला मिळेल का?

उडताना नाही, शेवटचं उडतं व्हल्कन, एक्सएच५५८, ऑक्टोबर २०१५ मध्ये थांबलं. जमिनीवर मात्र बरीच आहेत. लंडनला नातेवाइकांकडे जाणार असाल तर हेंडनचं हवाई दल संग्रहालय सगळ्यांत सोयीचं, डक्सफर्डलाही एक आहे. लोक पंखांचा फोटो काढून पुढे जातात. तुम्ही नाकाखाली जा, प्रवेशाचं दार शोधा, आणि तिथून नाकाच्या चाकाचा पाय किती जवळ आहे ते पाहा. साउथएंड आणि वेल्सबर्नला स्वयंसेवकांनी सांभाळलेली व्हल्कन आहेत. ती उडत नसली तरी धावपट्टीवर चालवली गेली आहेत. जाण्याआधी भेटीचे दिवस कोणते ते बघून घ्या.